शिकिमीच्या वाटेवरचं विकर

जपानात बौद्ध मंदिरांच्या आवारात आणि दफनभूमीत शिकिमी नावाचं सदाहरित झाड लावतात. त्याच्या डहाळ्या मृतांना वाहतात, साल आणि पानं वाटून उदबत्ती करतात. आपल्या मालवणी मसाल्यात पडणाऱ्या चक्रीफुलाचं हे जवळचं भावंड. फळ दिसतं अगदी तसंच, पण विषारी. 1885 मध्ये योहान आइकमान या डच रसायनशास्त्रज्ञानं या फळांतून एक आम्ल वेगळं काढलं आणि झाडाच्या नावावरून त्याला शिकिमिक आम्ल म्हटलं. (बेरीबेरीवरच्या संशोधनासाठी 1929 चं नोबेल मिळवणारे क्रिस्तियान आइकमान हे त्यांचे भाऊ.) फळातलं विष वेगळंच होतं, हे आम्ल निरुपद्रवी निघालं. ते झाडात कशासाठी असतं, हे मात्र पुढची साठेक वर्षं कुणालाच उलगडलं नाही.

उलगडा झाला तो न्यूयॉर्कमध्ये, आणि झाडात नव्हे तर जिवाणूंत. बर्नार्ड डेव्हिस हे ई. कोलाय जिवाणूंचे असे वाण निवडत होते, ज्यांना स्वतःचं अन्न पुरतं बनवता येत नाही. त्यातले काही फारच परावलंबी निघाले. त्यांना फेनिलअॅलनिन, टायरोसिन आणि ट्रिप्टोफॅन ही तिन्ही अमिनो आम्लं बाहेरून पुरवावी लागत. एका जनुकातल्या बिघाडानं तिन्ही गोष्टी एकदम बंद पडतात, म्हणजे तिघांचं मूळ एकच असणार. डेव्हिस यांनी एकामागून एक संयुगं चारून पाहिली. 1950 च्या सुमारास कळलं की एकटं शिकिमिक आम्ल दिलं तरी यातले काही जिवाणू व्यवस्थित वाढतात. आइकमानांच्या फळातला तो पदार्थ म्हणजे सजीवांच्या एका हमरस्त्यावरचा मधला मुक्काम होता.

या रस्त्याला आज शिकिमेट मार्ग म्हणतात. त्याच्या सात पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीला एक विकर, म्हणजे एन्झाइम, काम करतं. ही कुळकथा सहाव्या पायरीवरच्या विकराची. त्याचं नाव ईपीएसपी सिंथेस. शिकिमेटच्या फॉस्फेटला ते पीईपी नावाचा तीन कार्बनांचा तुकडा जोडतं. या जोडणीतून तयार होणारा पदार्थ 1964 मध्ये ज्युडिथ लेव्हिन आणि डेव्हिड स्प्रिन्सन यांनी वेगळा काढून दाखवला. पुढच्या पायरीला कोरिस्मेट बनतं आणि तिथून फाटे फुटतात ते या तीन अमिनो आम्लांकडे. वनस्पतींत एवढ्यावर थांबत नाही. लाकडाला ताठपणा देणारं लिग्निन, फुलांचे कित्येक रंग, अनेक सुगंधी द्रव्यं, सगळी याच वाटेनं येतात. वनस्पतीनं हवेतून घेतलेल्या कार्बनचा साधारण पाचवा हिस्सा या एका मार्गानं वाहतो, असा अंदाज आहे. एवढा मोठा प्रवाह ज्या विकराच्या हातून जातो, त्याचं नाव शेतीप्रधान देशात फार थोड्यांना ठाऊक असावं, याची मला मनापासून खंत वाटते.

हे विकर जिवाणूंत आहे, बुरशीत आहे, वनस्पतींत आहे. प्राण्यांत नाही. फेनिलअॅलनिन आणि ट्रिप्टोफॅन आपल्याला अन्नातूनच मिळवावी लागतात. डाळ-भाताच्या प्रत्येक घासात कुठल्या तरी पानातल्या ईपीएसपी सिंथेसची कमाई असते. वनस्पतींत त्याचं जनुक पेशीच्या केंद्रकात असतं, पण काम चालतं हरितलवकात. म्हणून नव्यानं बनलेल्या विकराला एक जास्तीची शेपटी असते. तिच्या आधारे ते हरितलवकात शिरतं आणि आत गेल्यावर शेपटी कापली जाते.

आता कथेत तणनाशक येतं. 1970 मध्ये अमेरिकेत सेंट लुईसच्या मोन्सँटो कंपनीत जॉन फ्रान्झ यांना ग्लायफोसेटचा तणमारक गुण सापडला. 1974 मध्ये ते ‘राउंडअप’ म्हणून बाजारात आलं. ते तणाला नेमकं कसं मारतं, हे तेव्हा पुरतं माहीत नव्हतं. त्याच कंपनीतल्या अर्नेस्ट जॉवर्स्की यांनी 1972 मध्ये एवढं दाखवलं होतं की शिकिमेट मार्गातली अमिनो आम्लं बाहेरून दिली तर औषधाचा मार उतरतो. रस्ता कळला होता, अडथळ्याची जागा कळायची होती. ती सापडली जर्मनीत बोखुम इथे. निकोलाउस आम्ऱ्हाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं की ग्लायफोसेट दिलेल्या वनस्पतिपेशींत शिकिमेट तुंबून राहतं. 1980 मध्ये स्टाइनरुकेन आणि आम्ऱ्हाइन यांनी सिद्ध केलं की ग्लायफोसेट ईपीएसपी सिंथेसलाच अडवतं. पीईपीची बैठक ते बळकावतं, दुसऱ्याच्या आरक्षित जागेवर ठाण मांडून बसलेल्या प्रवाशासारखं. आजही एखादं तण या औषधाला दाद देतं की नाही हे तपासायचं, तर पानात शिकिमेट किती साठलं ते मोजतात.

मग शास्त्रज्ञ उलट दिशेनं विचार करू लागले: तण मरावं, पण पीक जगावं. मोन्सँटोच्या प्रयोगशाळेत पेटुनियाच्या पेशी ग्लायफोसेटमध्ये वाढवत नेल्या, तेव्हा तग धरलेल्या पेशींत या विकराच्या जनुकाच्या सुमारे 20 प्रती झालेल्या आढळल्या. 1986 मध्ये ते जनुक पेटुनियाच्या झाडात घालून औषध सोसणारं झाड तयार झालं. शेतात उपयोगी पडलं ते मात्र दुसरंच. ग्लायफोसेटच्या कारखान्याच्या सांडपाण्यावर पोसलेल्या जिवाणूंत ‘सीपी4’ नावाचा एक वाण मिळाला. त्याच्या ईपीएसपी सिंथेसमध्ये एका मोक्याच्या जागी ग्लायसिनऐवजी अॅलनिन आहे. तेवढ्या फरकानं ग्लायफोसेटला नीट बसता येत नाही आणि पीईपीचं काम सुरळीत चालतं. हे जनुक घातलेलं सोयाबीन 1996 मध्ये अमेरिकेच्या शेतांत आलं. मागोमाग कापूस आणि मका आले.

या कुळकथेतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग यानंतरचा आहे. मलेशियात नाचणीच्या रानटी भावकीतल्या एका गवतानं आपल्या विकरातलं एक अमिनो आम्ल बदललं आणि ते फवारणीतून वाचू लागलं. 2005 च्या सुमारास जॉर्जिया राज्यात कापसातला पामर राजगिरा मरेनासा झाला. 2010 मध्ये कारण छापून आलं: या तणानं ईपीएसपी सिंथेसच्या जनुकाच्या प्रती वाढवल्या होत्या, कुठे पाच, कुठे 160 च्याही वर. विकर इतकं जास्त की नेहमीची मात्रा त्याला पुरी पडेना. प्रयोगशाळेतल्या पेटुनियानं जे करून दाखवलं होतं, तेच शेतातल्या तणानं केलं. इशारा वीस वर्षं आधी मिळालेला होता, तो कुणी गांभीर्यानं घेतला नाही. पुढे मिसिसिपीत हाच गुण संकरातून काटेमाठात उतरला. काटेमाठ आपल्या बांधावरही उगवतो, कोवळा असताना त्याची भाजीही होते.

आपल्याकडे ही गोष्ट आली ती चोरवाटेनं. तणनाशक सोसणारं, मान्यता नसलेलं कापसाचं बियाणं विदर्भात ‘चोर बीटी’ म्हणून विकलं गेलं. जून 2019 मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहागीर इथे शेतकरी संघटनेनं ते उघडपणे पेरून सरकारला आव्हान दिलं. त्या शेतकऱ्यांचं म्हणणं मला समजतं. पाऊस लागला की डवरणी होत नाही, निंदणाला बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर मजुरी परवडत नाही. ऑक्टोबर 2022 मध्ये केंद्र सरकारनं ग्लायफोसेटची फवारणी फक्त परवानाधारक कीडनियंत्रकांपुरती ठेवली. त्यामागे आरोग्याची चिंता होती. 2015 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं ते ‘बहुधा कर्करोगकारक’ ठरवलं होतं, अमेरिका-युरोपच्या नियामकांना ते मान्य झालं नाही.

आरोग्याचा वाद चालू राहील. विकराच्या बाजूनं निकाल स्पष्ट आहे: एकाच विकरावर वर्षानुवर्षं एकच औषध मारत राहिलं, तर तण त्यातून वाट काढतं, हे जगात ठिकठिकाणी घडून गेलं आहे. ज्यांच्या शेतात चोर बीटी आहे, त्यांनी फवारणीनंतर हिरवे राहिलेले माठ आणि गवतं बारकाईनं पाहावीत. एकेक झाड हजारोंनी बी टाकतं, पामर राजगिरा तर लाखांनी. असं झाड दिसलं तर बी धरायच्या आत ते मुळासकट उपटा आणि त्याची खबर जवळच्या कृषी विज्ञान केंद्राला द्या.