मजुरांची आगगाडी
लोहमार्ग लंडन शहरात शिरू लागले, तेव्हा त्यांच्या वाटेत प्रथम आली ती गरिबांची घरे. घरे पाडली गेली. रोजगार मात्र शहरातच राहिला. म्हणून १८६४ साली लिव्हरपूल स्ट्रीट स्थानकास परवानगी देताना पार्लमेंटने ग्रेट ईस्टर्न रेल्वेला अट घातली: एडमंटन व वॉल्थमस्टो येथून मजुरांसाठी पहाटे गाडी सोडावी, जाण्यायेण्याचे भाडे दोन पेन्स. १८८३ च्या कायद्याने अशी सक्ती इतर कंपन्यांवरही करण्याचा अधिकार सरकारला मिळाला. या गाड्यांच्या आधारे मजुरांची उपनगरे वाढली. परंतु पहाटेची गाडी चुकली की सवलत संपे. ज्यांचे काम उशिरा सुरू होई, त्यांना शहरात ताटकळत बसावे लागे. भाडे परवडले, तरी वेळ जुळल्यावाचून गरिबाची वाट सुकर होत नाही, हाच या इतिहासाचा बोध होय.