साठीनंतरचा व्यायाम: तालमीच्या मातीपासून बागेतल्या बाकापर्यंत

म्हाताऱ्या माणसाने व्यायाम करावा, ही कल्पना महाराष्ट्रात फार जुनी नाही. व्यायामाची परंपरा मात्र जुनी आहे. ती तरुणांची होती, पुरुषांची होती आणि बव्हंशी कुस्तीसाठी होती. केस पिकल्यावर माणसाने देवदर्शन करावे, नातवंडे खेळवावीत, ओसरीवर बसून राहावे, अशी रीत होती. या रीतीला शास्त्राचा आधारही सापडत असे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात दिनचर्येच्या अध्यायात व्यायामाची थोरवी गायिली आहे: शरीर हलके होते, कामाची ताकद येते, अग्नी प्रदीप्त होतो, मेद झडतो. पण लगेच पुढे व्यायाम कोणी टाळावा याची यादी येते, आणि तिच्यात वात-पित्ताचे रोगी, लहान मूल व अजीर्ण झालेला माणूस यांच्याबरोबर वृद्धही आहे.

सुश्रुताचा सूर थोडा वेगळा आहे. व्यायाम करणाऱ्यावर म्हातारपण एकाएकी चालून येत नाही, असे तो म्हणतो. वय, बळ, शरीर, देश, ऋतू आणि आहार पाहून व्यायाम ठरवावा, असेही सांगतो. व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा, हा त्याचा नियम. अर्धी शक्ती ओळखायची कशी, तर श्वास तोंडाने येऊ लागला की थांबायचे. आजचे डॉक्टर चालताना बोलता आले पाहिजे म्हणतात, त्याच जातीची ही खूण आहे. चरकाने वार्धक्य साठीनंतर धरले, सुश्रुताने सत्तरीनंतर. दोघांनीही म्हातारपणासाठी आयुर्वेदाची एक स्वतंत्र शाखा, रसायनतंत्र, मानली. पण घरोघरी पोचले ते रसायनातले च्यवनप्राश. सुश्रुताची अर्ध्या शक्तीची खूण वैद्यांच्या पोथीतच राहिली.

तालीम ही खरी व्यायामशाळा. लाल माती, तिच्यात कालवलेले ताक, तेल आणि हळद, भिंतीला टेकवलेल्या मुद्गलांच्या जोड्या, कोनाड्यात शेंदूर लावलेला मारुती. पेशवाईच्या अखेरीस बाळंभट देवधरांनी मल्लखांबाला नवे रूप दिले. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या या माणसाचे शिष्य पुढे उत्तर हिंदुस्थानापर्यंत पसरले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला आणि खासबाग मैदान बांधून घेतले. अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढले. दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी बडोद्यात दहा खंडांचा व्यायाम-ज्ञानकोश सिद्ध केला. एवढा सगळा खटाटोप झाला, पण त्याच्या मध्यभागी होता तो विशीतला गडी.

तालमीत म्हातारा दिसे तो वस्तादाच्या रूपाने. तो मातीच्या कडेला बसून डाव सांगे, पोरांच्या पाठीवर थाप मारी, पण स्वतः जोर काढीत नसे. कुस्ती सुटली की शेकड्यांनी काढायच्या बैठका सुटत, खुराक मात्र सुटत नसे. दूध, तूप, बदामाची थंडाई पोटात जात राही आणि ती जिरवणारी मेहनत बंद पडलेली असे. सुटलेल्या पोटाचा, गुडघे धरून उठणारा माजी पैलवान ही गावोगावची ओळखीची मूर्ती आहे. तरुणपणीची ताकद म्हातारपणी पुरत नाही, याचे याहून ठसठशीत उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

ही चौकट मोडण्यात मोठा वाटा एका छोट्या संस्थानिकाचा होता. औंधचे भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) हे चित्रकार, कीर्तनकार आणि प्रजेला स्वराज्य देऊ पाहणारे राजे. लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी कुंडलजवळचा माळ त्यांनीच दिला. तरुणपणी त्यांना युरोपातल्या सँडो या बलोपासकाचे वेड होते. त्याची पुस्तके आणि साधने मागवून त्यांनी दहाएक वर्षे तो व्यायाम केला. मग मिरजेच्या संस्थानिकांचे पाहून ते सूर्यनमस्काराकडे वळले. तेव्हा त्यांनी चाळिशी गाठली होती, आणि त्या काळी चाळिशी म्हणजे उतरणच समजत. स्वातंत्र्याच्या सुमारासही हिंदुस्थानातले सरासरी आयुर्मान बत्तीसच्या आसपास होते.

सूर्याला साष्टांग नमस्कार घालणे हा जुना धार्मिक विधी. भवानरावांनी त्याला बेतशीर व्यायामाचे रूप दिले: दहा अवस्था, प्रत्येक अवस्थेला ठरलेला श्वास, बीजमंत्र, आणि हात एकदा टेकले की ते जागचे हलवायचे नाहीत. साधन लागत नाही, तालीम लागत नाही, जोडीदार लागत नाही. साडेतीन हात जागा पुरते. औंध संस्थानातल्या शाळांत नमस्कार सुरू झाले. राणीसाहेबही नमस्कार घालीत. बायकांनी आणि प्रौढांनी करायचा व्यायाम म्हणून एखादी गोष्ट इतक्या उघडपणे मांडली जाण्याची महाराष्ट्रातली ही पहिली नाही तरी पहिल्या काहींतली वेळ असावी. १९३६ मध्ये राजेसाहेब लंडनला गेले तेव्हा अडुसष्ट वर्षांचे होते. त्यांची चण पाहून लुईझ मॉर्गन या पत्रकार बाई चकित झाल्या, आणि त्यांच्या संपादनाखाली १९३८ मध्ये तिथे ‘द टेन-पॉइंट वे टु हेल्थ’ हे पुस्तक निघाले. त्यात नमस्काराबरोबर आहाराचाही विचार आहे. राजेसाहेब काय खातात याची विलायतेतल्या वाचकांना उत्सुकता होतीच. पण म्हातारपणी ताकद टिकवायची तर व्यायाम आणि ताट यांचा विचार एकत्र करावा लागतो, हे त्यात मान्य केले होते. त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत यांनी पुढे सूर्यनमस्कारावर स्वतंत्र पुस्तक लिहिले.

औंधातच पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर राहात. वेदांचे भाष्यकार म्हणून ते प्रसिद्ध. पण आसने आणि सूर्यनमस्कार यांवरही त्यांनी लिहिले. १८६७ मध्ये जन्मलेले सातवळेकर १९६८ मध्ये, शंभरी ओलांडून, गेले. एका माणसाच्या आयुष्यावरून व्यायामाचा गुण सिद्ध होत नाही, हे खरे. पण शंभरीतला लिहिता पंडित लोकांनी प्रत्यक्ष पाहिला, आणि लोकांवर पुस्तकापेक्षा या गोष्टीचा परिणाम अधिक झाला.

औंधचा मार्ग श्रद्धेचा आणि अनुभवाचा. मोजमापाचा मार्ग लोणावळ्याने घेतला. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, बडोद्याच्या माणिकरावांच्या आखाड्यात तयार झालेले. १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम आश्रम काढला आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक सुरू केले. उड्डियान, नौली या योगक्रिया करताना पोटात काय होते, हे क्ष-किरणांनी पाहणे, आसनांत रक्तदाब किती चढतो ते मोजणे, असे प्रयोग तिथे झाले. उतारवयातल्या माणसाच्या दृष्टीने यातला रक्तदाबाचा भाग महत्त्वाचा. एखादे आसन चांगले की वाईट हा प्रश्न मागे पडून ते कोणाला चालेल आणि कोणाला चालणार नाही, हा प्रश्न पुढे आला.

त्याची परीक्षा लवकरच झाली. मार्च १९२७ मध्ये महात्मा गांधी महाराष्ट्राच्या दौऱ्यावर असताना कोल्हापुरात आजारी पडले. रक्तदाब फार वाढला होता. वय सत्तावन्न. विश्रांतीसाठी त्यांना म्हैसूर संस्थानातल्या नंदी डोंगरावर नेण्यात आले. त्या काळात त्यांनी कुवलयानंदांशी पत्रव्यवहार करून आसनांबद्दल सल्ला घेतला. गांधी स्वभावाप्रमाणे काय केले, काय वाटले, रक्तदाब किती निघाला, ते कळवीत. वैद्याला अशी नेमकी माहिती देणारा रोगी मिळणे दुर्मीळच. तालमीतल्या वस्तादाला असा आजारी शिष्य मिळाला असता तर त्याने त्याला परत पाठवले असते. लोणावळ्याने मात्र अशाच माणसांसाठी दार उघडले होते. पुढे मुंबईत चर्नी रोडच्या समुद्रकिनाऱ्यावर कैवल्यधामाचे केंद्र निघाले आणि दमा, मलावरोध, रक्तदाब घेऊन येणाऱ्या मध्यमवयीन मुंबईकरांची तिथे रीघ लागली.

पुण्यात बेल्लूर कृष्णम्माचार सुंदरराज अय्यंगार १९३७ मध्ये आले ते डेक्कन जिमखान्यावर योग शिकवायला, वय अठरा-एकोणीस. पुढे त्यांच्या शिष्यांत बेल्जियमची राजमाता एलिझाबेथ होती, आणि शीर्षासन शिकताना तिने ऐंशी ओलांडली होती. पण वृद्धांसाठी अय्यंगारांचे खरे काम शीर्षासनाचे नव्हे, खुर्चीचे आहे. लोखंडी घडीची खुर्ची, तिची पाठ काढलेली, म्हणजे पाय आरपार जातात. लाकडी विटा. भिंतीला लावलेले दोर. लोड. पट्टे. ज्याचा हात जमिनीला पोचत नाही त्याच्या हाताखाली वीट. ज्याला पाठीवर कमान जमत नाही त्याच्या कमरेखाली खुर्चीची कड. १९७९ मध्ये स्कूटरच्या अपघातात त्यांना स्वतःला जबर दुखापत झाली. तेव्हा ते साठीत होते, आणि पुन्हा आसनांपर्यंत पोचायला त्यांनी हीच साधने वापरली. १९७५ पासून शिवाजीनगरच्या रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्थेत गुडघेदुखी-कंबरदुखीवाल्यांचे वर्ग भरू लागले, आणि खुर्चीवरचा योग तिथून जगभर गेला.

याच काळात बागा भरू लागल्या. निवृत्तिवेतन घेणारा, साठीत धडधाकट असलेला शहरी मध्यमवर्ग पहिल्यांदाच मोठ्या संख्येने तयार झाला होता. पुण्यात पर्वतीच्या १०३ पायऱ्या रोज चढणाऱ्यांचे कंपू जमले, दादरला शिवाजी पार्कच्या कट्ट्याला फेऱ्या सुरू झाल्या, गावोगाव ज्येष्ठ नागरिक संघ निघाले. १९९५ मध्ये मुंबईत डॉ. मदन कटारिया यांनी पहिला हास्यक्लब काढला. सुरुवातीला पाच माणसे होती. हात वर करून हा-हा-हो-हो करणाऱ्या आजोबांची टिंगल पुष्कळ झाली. पण घराबाहेर पडणे, चार माणसे भेटणे आणि हात खांद्याच्या वर जाणे, एवढे तरी त्यातून साधते. नाटक-सिनेमात त्याची जितकी चेष्टा झाली तितका तो चेष्टेचा विषय नाही. चालण्याचा सगळ्यात जुना सामुदायिक प्रघात मात्र बागेतला नाही, वारीतला आहे. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटर; सत्तरीतल्या माळकरी बायका डोक्यावर तुळस घेऊन ते दरवर्षी पार करतात, आणि त्याला व्यायाम म्हणत नाहीत.

व्यायामाचे ज्ञान असे टप्प्याटप्प्याने म्हाताऱ्यांपर्यंत आले. आहाराचे तसे झाले नाही. जुन्या घरात म्हाताऱ्याचे ताट दोन गोष्टींनी ठरे: दात आणि रीत. दात गेले की मऊ भात, मेतकूट, पेज, मुगाचे कढण. थंडीत डिंकाचे नाहीतर मेथीचे लाडू, तेही घरात ऐपत असेल तर. मऊ भात पचतो आणि जिभेला बरा लागतो. पण स्नायूंना लागणारी प्रथिने त्यात फार थोडी. रीतीचा जाच विधवांना सर्वांत जास्त झाला. ब्राह्मण आणि तत्सम घरांतल्या सोवळ्या बाईला एकभुक्त राहावे लागे, त्यावर एकादश्या, चातुर्मास, सोमवार, गुरुवार. विशीत विधवा झालेली बाई साठीला पोचेपर्यंत चाळीस वर्षे असे जेवलेली असे. तिच्या वाकलेल्या कण्याला लोक वय म्हणत.

पोषणशास्त्र इथे इंग्रजी अमलात आले. कुन्नूरच्या प्रयोगशाळेतून रॉबर्ट मॅककॅरिसन आणि वॉलेस अ‍ॅक्रॉइड यांनी हिंदुस्थानातल्या धान्य-भाज्यांचे पृथक्करण केले. १९३७ मध्ये निघालेली अ‍ॅक्रॉइडची पुस्तिका पुढे अनेकदा छापली गेली. पण त्या शास्त्राची नजर मुलांवर, गरोदर स्त्रियांवर आणि कामगारांवर होती. ते साहजिकही होते. भूक आणि बालमृत्यू समोर असताना म्हाताऱ्यांच्या हाडांकडे कोण पाहणार.

तिकडे पाश्चात्त्य संशोधनाने पुढे वेगळी दिशा धरली. १९९० मध्ये बॉस्टनच्या एका वृद्धनिवासात मारिया फियातारोन यांनी ८६ ते ९६ वयाच्या दहा माणसांना आठ आठवडे पायांनी वजन उचलायला लावले. नऊजणांनी ते पुरे केले, आणि त्यांच्या मांड्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीत स्नायू वाढतो, हे तोवर फारसे कोणी मानत नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीत ६५ वर्षांवरील माणसांना आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटांच्या मध्यम हालचालीबरोबर दोन दिवस स्नायूंचा आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचा व्यायाम सांगितला आहे. खुर्चीवरून हात न टेकता उठणे आणि बसणे हा त्यातला एक सोपा प्रकार. तालमीतल्या बैठकीचाच हा धाकटा भाऊ, पण बागेत फेऱ्या मारणाऱ्यांपैकी फार थोडे तो करतात. चालणे म्हणजे व्यायाम, अशी समजूत पक्की आहे.

प्रथिनांचेही तसेच. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने प्रौढांसाठी वजनाच्या प्रत्येक किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिने सुचवली आहेत. वृद्धांवर काम करणारे अनेक संशोधक एक ते सव्वा ग्रॅम म्हणतात. पन्नास किलोच्या आजीला म्हणजे रोज पन्नास ग्रॅमच्या पुढे. वाटीभर पातळ वरणातून पाच-सहा ग्रॅम मिळतात, अंड्यातून साधारण सहा. मेतकूट-भातावर हा आकडा गाठणे अशक्य आहे. शहरातल्या ज्येष्ठ नागरिक संघांत आता आहारतज्ज्ञांची व्याख्याने होतात आणि मधुमेह, साखर, मीठ यांवर प्रश्न विचारले जातात. डाळ आणि अंडे किती खावे, हे क्वचितच कोणी विचारते.

खेड्यात प्रश्नच वेगळा. सत्तरीतली शेतमजूर बाई खुरपे घेऊन दिवसभर उकिडवी बसते. तिला बैठका शिकवण्याची गरज नाही. तिला कमी पडते ते ताटातले. राज्यातल्या निराधार वृद्धांना श्रावणबाळ योजनेतून महिन्याला १,५०० रुपये मिळतात, म्हणजे दिवसाला पन्नास. त्यातून रोज अर्धा लिटर दूध घेतले, तर निम्म्याहून अधिक पैसे तिथेच संपतात.