खुराक, पावडर आणि तालमीचा हिशोब

मराठी माणूस 'तालमीत जातो' म्हणतो, तेव्हा तो अरबी शब्द वापरतो हे बहुधा त्याच्या ध्यानीमनीही नसते. तअलीम म्हणजे शिक्षण. तालमीतला वस्ताद म्हणजे फारसीतला उस्ताद. पैलवान, कुस्ती, जोर, मैदान, खुराक हे सगळे शब्द त्याच वाटेने आले आणि मल्ल, दंड, आखाडा या इथल्या शब्दांच्या शेजारी मांडी घालून बसले. लाल मातीत कोण कुठला हे विचारायची पद्धत नव्हती, भाषेतही ती राहिली नाही. यातला 'खुराक' हा शब्द मात्र आता मागे पडत चालला आहे. त्याच्या जागी 'सप्लिमेंट' आला आहे. शब्द बदलला तसा त्यामागचा हिशोबही बदलला. आज त्या हिशोबाविषयी लिहितो आहे.

याला कारण घरातलेच आहे. चाळिशी ओलांडल्यावर डॉक्टरांनी साखर काठावर असल्याचे सांगितले आणि मी बऱ्याच वर्षांनी पुन्हा जोर-बैठका सुरू केल्या. माझा पुतण्या पोलीस भरतीच्या मागे आहे. १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक, या तिन्हींचे मिळून ५० गुण त्याच्या डोळ्यांपुढे रात्रंदिवस असतात. त्याने एक किलो प्रोटीन पावडरचा डबा २६०० रुपयांना आणला आणि मला म्हणाला, "चच्चा, तुम भी लेव ना. पंधरा दिन में फरक दिखता." कुंभार पिंपळगावसारख्या बाजाराच्या गावात आता असे डबे सहज मिळतात, आणि भरतीची तयारी करणाऱ्या पोरांच्या घरात महिन्याच्या खर्चात ती एक नवी ओळ वाढली आहे. सोयाबीनचा भाव पडलेल्या वर्षी ही ओळ लहान नसते.

आमच्या गावापासून जवळच जांब समर्थ आहे, समर्थ रामदासांचे जन्मगाव. मारुतीचे देऊळ आणि त्याच्या आसपास तालीम, ही जोडी महाराष्ट्रभर दिसते. तशीच दुसरी जोडी पिराची आणि तालमीची. कोल्हापुरात बाबूजमाल तालमीसारख्या ठिकाणी मोहरमचे पंजे बसतात. गणपती आणि मोहरम एकाच वेळी आले तर दोघांची बडदास्त तीच पोरे ठेवतात. बडोद्यात प्रा. माणिकराव (मूळ नाव गजानन यशवंत तांबे) यांनी आपल्या व्यायाम मंदिराला आपल्या मुसलमान गुरूचे, जुम्मादादांचे नाव दिले. मंदिर हा शब्द आणि जुम्मादादा हे नाव एकाच पाटीवर आले, आणि त्यात कुणाला काही खटकले नाही.

या तालमींत खुराक म्हणजे दूध, तूप, बदाम, थंडाई आणि ज्याला चालेल त्याला मटण. गामा पैलवानाच्या खुराकाचे आकडे तर आजही सांगितले जातात आणि दर पिढीला वाढत जातात. ते सोडून देऊ. नक्की आहे ते एवढे की गुलाम मोहम्मद ऊर्फ गामाने १९१० साली लंडनमध्ये झ्बिस्कोला तासन् तास जमिनीला चिकटून राहायला लावले आणि १९२८ साली पतियाळात त्याच झ्बिस्कोला एका मिनिटाच्या आत चीत केले. हेही नक्की की त्याच्या दुधा-बदामाचा खर्च दतिया, पतियाळासारखे दरबार उचलत होते. कोल्हापुरात शाहू महाराजांनी पैलवानांना असाच आश्रय दिला आणि खासबाग मैदान उभे केले. १९१२ साली ते खुले झाले.

म्हणजे खुराक कधीच स्वस्त नव्हता. फरक इतकाच की त्याचे पैसे पैलवानाच्या बापाच्या खिशातून जात नव्हते. संस्थाने विलीन झाली, १९४९ च्या मार्चमध्ये कोल्हापूरही गेले, आणि तो आधार तुटला. फाळणीनंतर लाहोरात राहिलेल्या गामाचे शेवटचे दिवस ओढगस्तीत गेले. इकडे गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकला पाठवण्यासाठी लोकांनी वर्गणी काढली आणि राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण टाकून ७००० रुपये उभे केले. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक त्या गहाणवटीवर आले. पुढे साखर कारखान्यांनी काही मल्लांना मानधन दिले. पण सामान्य पोराचा खुराक कायमचा त्याच्या घरावर आला. डबा विकणाऱ्याला गिऱ्हाईक मिळाले ते इथे.

डब्याची गोष्टही जुनी आहे. १८९८ च्या सुमारास जर्मनीत दुधातल्या केसिनपासून सॅनाटोजेन नावाची पावडर निघाली आणि 'अशक्तपणावर उपाय' म्हणून जगभर खपली. १९५० च्या दशकात अमेरिकेत वजन उचलणाऱ्यांसाठी सोयाच्या पिठाचे डबे आले. आजचे व्हे प्रोटीन म्हणजे चीज करताना उरणारे पाणी. पूर्वी ते ओतून देत किंवा डुकरांना पाजत. १९७० च्या दशकात बारीक पडद्यांतून गाळून त्यातले प्रथिन वेगळे काढण्याचे तंत्र आले आणि टाकाऊ पाण्याचा माल झाला. वस्तू खोटी नाही. दुधाचेच प्रथिन आहे, पचायला सोपे आहे. प्रश्न गरजेचा आणि किमतीचा आहे.

गरजेचा हिशोब आपल्याच मुलखात झाला आहे. १९२० च्या दशकात कुन्नूरला रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी उंदरांच्या वेगवेगळ्या गटांना हिंदुस्थानातल्या वेगवेगळ्या समाजांचे जेवण दिले. गव्हाची पोळी, दूध, डाळ, भाजी असे शीख जेवण पहिले आले, पठाणांचे दुसरे, आणि मराठ्यांचे तिसरे. त्यांचीच संस्था पुढे १९५८ साली हैदराबादला आली. तीच आजची राष्ट्रीय पोषण संस्था. तिच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिन पुरते, म्हणजे ७० किलोच्या माणसाला ५८ ग्रॅम. जोरकस व्यायाम करणाऱ्याला त्याहून जास्त लागते. १.६ ग्रॅम धरले तरी ११२ ग्रॅम होतात. याच संस्थेने २०२४ च्या आहार मार्गदर्शनात प्रोटीन पावडरी टाळण्याचा सल्ला दिला, कारण त्यात साखर, गोडवा आणणारी रसायने आणि कृत्रिम स्वाद असू शकतात.

आता पुतण्याचा डबा घ्या. ३३ ग्रॅमचा एक चमचा, त्यात २४ ग्रॅम प्रथिन. किलोभरात ३० चमचे, म्हणजे महिना. तेच २४ ग्रॅम चार अंड्यांत मिळते, किंवा साधारण १२० ग्रॅम फुटाण्यांत, किंवा पाऊण लिटर दुधात. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात दहाएक ग्रॅम प्रथिन असते. त्यातली लायसिनची उणीव डाळ भरून काढते. भाकरी आणि वरण ही जोडी आपल्या आजीने पुस्तक वाचून लावली नव्हती, पण हिशोब बरोबर होता.

क्रिएटिनचे थोडे वेगळे आहे. ते मांसात असते, शरीरही बनवते, आणि बाजारातले बहुतेक कारखान्यात रसायनांपासून तयार होते. रोज ३ ते ५ ग्रॅम घेतल्यास थोड्या वेळाच्या जोरकस कामाला मदत होते, हे बऱ्याच अभ्यासांतून दिसले आहे. 'फॅट बर्नर', 'टेस्टो बूस्टर' अशा नावांच्या डब्यांपासून मात्र लांबच राहिलेले बरे. २०००-०१ मध्ये कोलोनच्या प्रयोगशाळेने १३ देशांतली ६३४ सप्लिमेंट्स तपासली. त्यांपैकी ९४ मध्ये डब्यावर न लिहिलेली स्टेरॉइड्स निघाली. सलग तीनदा महाराष्ट्र केसरी झालेल्या नरसिंग यादवच्या नमुन्यात २०१६ साली मेथॅन्डिनोन सापडले. आपल्या खाण्यापिण्यात कुणीतरी मिसळले असे त्याचे म्हणणे होते. देशातल्या संस्थेने ते मानले, आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने मानले नाही, आणि ऑलिम्पिकच्या दारातून तो चार वर्षांच्या बंदीसह परतला. खरे काय ते असो, तोंडात काय जाते याची जबाबदारी शेवटी खेळाडूवरच येते.

आपल्या घरांत आणखी एक प्रश्न विचारला जातो, हलालचा. कॅप्सूलचे कवच बहुधा जिलेटिनचे असते, म्हणून हिरवी खूण नसेल तर कॅप्सूल घेऊ नये. पावडर मिळत असताना तिची गरजही नाही. आयात व्हेमध्ये चीजसाठी कुठले रेनेट वापरले, हे कंपनीला विचारता येते. आणि ज्यांना मूत्रपिंडाचा त्रास, साखर किंवा रक्तदाब आहे, त्यांनी डब्याआधी डॉक्टरांना विचारावे. हे मी स्वतःलाही धरून लिहितो आहे.

तर मग निवड कशी करायची? आधी आठवडाभर जेवण लिहून काढावे. तूट दिसली तर ती अंडी, डाळ, दूध, फुटाणे, मासे-मटण यांतून भरावी. तरीही उरली तर साधे, बिनस्वादाचे व्हे घ्यावे. १४ अंकी एफएसएसएआय परवाना क्रमांक आणि सीलबंद डबा पाहावा, पक्के बिल घ्यावे. सुटी पुडी कुणाकडूनच घेऊ नये, मग तो कितीही ओळखीचा असो. रमजानमध्ये व्यायाम इफ्तारच्या थोडा आधी हलका किंवा तरावीहनंतर करावा, आणि पाण्याची कसर सहरीपर्यंत भरून काढावी. बऱ्याच वर्षांनी परतणाऱ्यांनी तालमीचा जुना नियम पाळावा, जोराची संख्या आठवड्याआठवड्याने वाढवावी. शरीर जुने विसरत नाही, पण सांधे घाई माफ करत नाहीत.

पुतण्याशी मी वाद घातला नाही. वही काढून त्याच्यासमोर हिशोब मांडला. महिन्याला १२० अंडी सात रुपयांनी ८४० रुपयांत येतात, उरतात १७६०. त्यातून धावायचे चांगले बूट घेता येतील, असे तोच म्हणाला. डबा संपेपर्यंत तो पिणार आहे, पैसे गेलेच आहेत. पुढच्या महिन्यात बूट.