बारापेडेची गुहा आणि एका नावाची गोष्ट

मंडळी, मागच्या वेळी इथेच, विश्रांतवाडीत, आपण गुहेतल्या भुंगेऱ्याची गोष्ट अर्ध्यावर सोडली होती. ती आधी पुरी करू. आजच्या स्लोव्हेनियातल्या गुहांमध्ये जमिनीवर पळणाऱ्या भुंगेऱ्यांच्या कुळातला एक जीव राहतो. जेमतेम पाच मिलिमीटर लांब, पिंगट आणि डोळे नसलेला. १९३७ साली ओस्कार शायबेल नावाच्या हौशी अभ्यासकानं ही नवी जात म्हणून जाहीर केली आणि तिला हिटलरचं नाव दिलं. ते नाव आजही टिकून आहे. प्राणिनामांच्या नियमांत आधी रीतसर दिलेलं नाव चालतं, कुणाला लाज वाटते एवढ्यानं ते पुसलं जात नाही. पुढे नाझी काळातल्या वस्तू जमवणारी मंडळी या भुंगेऱ्याला पैसे मोजू लागली आणि गुहांतून त्याची चोरी सुरू झाली. नावाचा गाजावाजा जगभर, आणि ज्याचं नाव तो अंधारात!

व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्यांनी विचारलं, "सर, आपल्याकडे असं काही?" आम्ही तत्त्वज्ञानाचे, किड्यांचे नव्हे. पण प्रश्न चांगला होता.

असे भुंगेरे बहुतेक चुनखडीच्या गुहांतले. पाणी लाखो वर्षं चुनखडी विरघळवतं, तेव्हा त्या गुहा होतात. आपल्या पायाखाली काळा कातळ. कार्ले, भाजे ही लेणी माणसानं छिन्नीनं कोरलेली, वय दोन हजार वर्षं. तेव्हा भुंगेऱ्याचा आग्रह आपण सोडू. गुहेतल्या एका नव्या जातीचं वर्णन मात्र आपल्या मुलखात झालेलं आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, भीमगडच्या रानात, म्हादई जिथे उगम पावते त्या बाजूला तळेवाडी आहे. तिच्याजवळ बारापेडेची गुहा. १९१३ साली तिथल्या एका वटवाघळाचं वर्णन छापून आलं.

बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची सस्तन प्राण्यांची पाहणी नुकतीच सुरू झाली होती. नमुने लंडनला जात. तिथे ब्रिटिश म्युझियममध्ये ओल्डफील्ड थॉमस बसलेले असत. या गृहस्थांनी आयुष्यात सुमारे दोन हजार जाती-उपजातींना नावं दिली! त्यांनी या वटवाघळाला रॉटन यांचं नाव दिलं. रॉबर्ट रॉटन मुंबई इलाख्यातले वनाधिकारी. मुंग्यांचे नादी, 'आपल्या मुंग्या' अशा अर्थाच्या मथळ्याचा लेख लिहिलेले. निवृत्तीनंतर या पाहणीच्या कामात रमले. मुंग्यांच्या माणसाला वाट्याला आलं वटवाघूळ. पुढे झुकलेले भले मोठे कान कपाळावर जोडलेले, शेपूट पडद्याबाहेर मोकळं, मानेवर फिकट पट्टा.

आता इथे आमचा विषय येतो. न्यायशास्त्रात लक्षण करताना तीन दोष टाळायचे: अव्याप्ती, अतिव्याप्ती, असंभव. गाय म्हणजे गळ्याखाली पोळी लोंबणारी, हे नैयायिकांचं ठरलेलं उदाहरण. आम्ही वर्षानुवर्षं ते फळ्यावर लिहिलं आणि समजत राहिलो की प्राणिशास्त्रज्ञही हेच करतात. ते तसं करत नाहीत. वर्णन चुकलं, अपुरं राहिलं, तरी नाव उडत नाही. नाव लक्षणाला बांधलेलं नसून संग्रहालयात जपलेल्या एका नमुन्याला बांधलेलं असतं. शंका आली की परत त्या नमुन्याकडे जायचं. आमच्या नैयायिकांना हे पटलं असतं का, सांगवत नाही. भांडण मात्र रंगलं असतं.

नमुना हाती असूनही तो दिसतोच असं नाही, बरं का. १९४८ साली दक्षिणेत, मदुराईजवळच्या डोंगरात पकडलेलं एक फलाहारी वटवाघूळ मुंबईला सोसायटीच्या संग्रहात भलत्याच जातीच्या नावानं वीस-बावीस वर्षं पडून होतं. थायलंडचे किट्टी थोंगलोंग्या यांनी ते पुन्हा तपासलं, आणि १९७२ साली ती नवी जात ठरली. तिला सालिम अलींचं नाव मिळालं. मग शोध लागला कुठे, रानात की खणात?

बारापेडेकडे परत येऊ. जवळजवळ नव्वद वर्षं पुस्तकांत एकच वाक्य होतं, की हे वटवाघूळ या एकाच गुहेतून माहीत आहे. वाचणारे मात्र वाचायचे, या एकाच गुहेत राहतं. दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पहिलं वाक्य आपल्या शोधाविषयी, दुसरं प्राण्याविषयी. एकविसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला हेच वटवाघूळ मेघालयात सापडलं आणि थेट कंबोडियातही.

पण चुकीच्या वाचनाचाही उपयोग झाला, हे मान्य केलं पाहिजे. फलाहारी वटवाघळं आपल्या वन्यजीव कायद्यात बराच काळ उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती, उंदरांच्या पंगतीला. त्याच कायद्यात रॉटन यांचं आणि सालिम अलींचं, ही दोन वटवाघळं पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या शेजारी जाऊन बसली. पुढे २०११ साली भीमगड अभयारण्य जाहीर झालं. १९१३ सालच्या त्या लेखानं गुहेचा पत्ता जगाला दिला होता, स्लोव्हेनियातल्या भुंगेऱ्याच्या वर्णनानं दिला तसाच. तिथे त्या पत्त्यावर चोर गेले. आपल्याकडे मोजदाद करणारे गेले, आणि त्यांच्या टिपणांत काही डझनांपासून शंभराच्या आसपासपर्यंतचा आकडा दिसतो.