रसायनी, कोळंबी आणि पोटातले जंतू

रसायनी. नावातच सगळं आलं! मोहोपाड्याच्या आसपास रासायनिक कारखाने आले आणि परिसराला हे नाव चिकटलं. १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्सचा कारखाना इथलाच. डीडीटीसुद्धा इथे बनायचं. इथून वाहणारी पाताळगंगा पुढे धरमतरच्या खाडीला मिळते आणि रायगडात खाडी म्हटलं की कोळंबी आलीच. म्हटलं, आज रसायन आणि कोळंबीच्या नात्याचा इतिहास पाहू.

१९९०च्या दशकात भारतात कोळंबीची शेती फोफावली. १९९४-९५ मध्ये पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आला आणि तळीच्या तळी साफ झाली. रोग विषाणूचा, म्हणजे अँटिबायोटिकचा काडीइतका उपयोग नाही. पण सगळं कर्ज पाण्यात असलेला माणूस हाताला लागेल ते औषध टाकतो. आशियाभर हेच चाललं होतं. २००१-०२ मध्ये युरोपात आशियाई कोळंबीत क्लोरॅम्फेनिकॉल सापडलं. माणसाच्या अस्थिमज्जेवर क्वचित, पण जीवघेणा परिणाम करणारं हे औषध. झालं, बोंबाबोंब!

मग पर्याय काय? लस द्यावी तर कोळंबीच्या अंगात आपल्यासारख्या अँटिबॉडी बनतच नाहीत.

उत्तर आपल्या दह्याच्या जातीचं निघालं: चांगले जंतू खायला घाला. जपानमध्ये कोझासा यांनी १९८६ साली माशांच्या खाद्यात बॅसिलसचे बीजाणू मिसळले. बीजाणू चिवट, कोरड्या खाद्यातही टिकतात. १९९८ साली थायलंडमध्ये रेंगपिपात आणि सहकाऱ्यांनी टायगर कोळंबीला १०० दिवस बॅसिलस खाऊ घातला आणि मग मुद्दाम घातक व्हिब्रिओ जंतूंच्या पाण्यात सोडलं. दहा दिवसांनी बॅसिलसवाली सगळी जिवंत; साधं खाद्य खाल्लेली फक्त २६ टक्के!

हे होतं कसं? कर्जत लोकल आठवा. रुमाल टाकून जागा आधीच अडवलेली असली की नंतर आलेल्याला उभंच राहावं लागतं. आतड्यात बॅसिलस हेच करतो. शिवाय त्याची विकरं खाद्य पचवायला मदत करतात.

अर्थात ही जादूची कांडी नव्हे. पांढऱ्या ठिपक्यांवर आजही औषध नाही. तपासलेलं बीज आणि स्वच्छ पाणी यांना पर्याय नाही. डब्यावर लिहिलेले जंतू डब्यात जिवंत आहेत का, हाही प्रश्न असतोच.

रसायनीतल्या हिंदुस्तान ऑरगॅनिकचे तोट्यातले प्लांट बंद करायचा निर्णय सरकारने २०१७ साली घेतला. कोळंबीच्या तळ्यातलं रसायन मात्र असं एका निर्णयाने जात नाही. युरोपच्या बंदरात माल अडला, तेव्हा कुठे सगळे जागे झाले. आपल्या बाजारातल्या कोळंबीबद्दल तसा आग्रह कोण धरणार? गिऱ्हाईक आपणच आहोत. पुढच्या रविवारी भाव विचारताना हेही विचारून बघा.