जुन्या मोठ्या गाडीचा हिशेब

सातारा-सांगलीकडं दारात जुनी मोठी गाडी उभी असणं कधीच कमीपणाचं नव्हतं. मिलिटरीतून निघालेली जीप असो की साखर कारखान्याच्या लिलावात घेतलेली, आधीचा मालक कोण हे सांगून लोक ती मिरवत. आज त्याच दारांत पुण्या-मुंबईकडं दहा-बारा वर्षं वापरलेल्या आलिशान परदेशी एसयूव्ही येतात, आणि त्यांतल्या बऱ्याच दोन-तीन वर्षांत ताडपत्रीखाली जातात. सांगलीत गॅरेज चालवण्यात माझी हयात गेली. जुनी जीप परवडली आणि ही गाडी का परवडत नाही, असं लोक मला विचारतात. त्याचं उत्तर आपल्या भागाच्या इतिहासात आहे.

१९१० साली औंधच्या राजांनी कुंडलजवळ दिलेल्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना उभा केला. लोखंडी नांगर करणारी ती किर्लोस्करवाडी. साताऱ्यात धनजीशा कूपर यांनी १९२२ मध्ये कारखाना काढला आणि १९३० च्या दशकात तिथं डिझेल इंजिनं तयार होऊ लागली. हेच कूपर १९३७ मध्ये मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान झाले. तेव्हा सांगली हा वेगळा जिल्हा नव्हता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. त्यामुळं दोन्हीकडच्या कारागिरीचं मूळ एकच आहे. विहिरीवर ऑइल इंजिन बसलं आणि पाठोपाठ गावात ते खोलणारा माणूस तयार झाला. पेस्ट लावून व्हॉल्व्ह घासणं, रिंगा बदलणं, लाइनर ओढणं हे काम पोरं विहिरीच्या काठावरच शिकली.

जीप आली ती या तयार हातांत. स्वातंत्र्यानंतर महिंद्रांनी मुंबईत विलिज जीप जोडायला घेतली. तिचं पेट्रोल इंजिन सव्वादोन लिटरच्या आसपासचं, तेल भरपूर पिणारं. पुढं जीपला डिझेल इंजिन मिळालं, आणि ते इंटरनॅशनल ट्रॅक्टरच्या घराण्यातलं होतं. उसाच्या पट्ट्यात याचा अर्थ सरळ होता: जो मिस्त्री शेतातला ट्रॅक्टर बांधतो, तोच चेअरमनसाहेबांची जीप बांधणार. वडापच्या जीपगाड्या दहाच्या जागी पंधरा माणसं घेऊन वर्षानुवर्षं चालल्या त्या याच जोरावर. १९९४ मध्ये सुमो आली, १९९८ मध्ये सफारी, २००२ मध्ये स्कॉर्पिओ. गाड्या मऊ होत गेल्या, पण चॅसिस आणि लांबीत बसवलेलं इंजिन ही रचना ओळखीची राहिली.

त्या काळी खर्च कमी का यायचा, ते एका कामावरून सांगतो. गाडी काळा धूर टाकू लागली की नोझल काढायचं, हातपंपाच्या टेस्टरला लावायचं आणि दांडा दाबायचा. फवारा बारीक धुक्यासारखा सुटला तर नोझल चांगलं. तेलाची धार लागली किंवा टोकाला थेंब लोंबला तर सुई बसलेली. साफ करून, शिम घालून दाब जुळवायचा, दुपारपर्यंत गाडी परत. दाब दीडशे-दोनशे बारचा. आजच्या कॉमन रेल इंजिनात तोच दाब सोळाशे ते दोन हजार बारपर्यंत जातो आणि इंजेक्टर संगणकाच्या हुकमानं उघडतो. तो हातपंपावर तपासता येत नाही. त्याला यंत्र लागतं, त्याचा कोड गाडीत भरावा लागतो.

हा बदल आमच्या डोळ्यांसमोर उभा केला कृष्णेच्या पुरानं. २००५ च्या पुरात बुडालेल्या जीपा आणि सुमो आम्ही ओढून आणल्या, ऑइल बदललं, हौसिंगमधलं पाणी काढलं, स्टार्टर-डायनामो उन्हात वाळवला आणि चालू करून दिल्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वेळी बुडालेल्या महागड्या गाड्यांची इंजिनं धुऊन चालू झालीही, पण सहा महिन्यांनी सीटखालच्या वायरिंगला हिरवा गंज चढला आणि एकेक दिवा डॅशबोर्डावर लागू लागला. विमा कंपन्यांनी टोटल लॉस ठरवलेल्या गाड्याही पुन्हा बाजारात फिरतात. गालिचा उचलून सीटच्या रेल्सखालची माती न बघता गाडी घेऊ नका.

या आलिशान गाड्यांचे नेहमीचे आजार ठरलेले आहेत. एअर सस्पेन्शनचा रबरी फुगा चिरतो, सकाळी गाडी एका कोपऱ्यात बसलेली दिसते. मालक दुर्लक्ष करतो, गळती भरून काढायला कॉम्प्रेसर सारखा चालतो आणि जळतो. एका फुग्याचं काम मग चौपट होतं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल जन्मभर चालतं असं मालकाला सांगितलेलं असतं. यांतल्या बऱ्याच गाड्यांचा गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी मात्र ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान ते बदलायला सांगते. पसरणी किंवा कुंभार्ली घाट रोज चढणाऱ्या गाडीनं तर टाळाटाळ करूच नये. काही इंजिनांत टायमिंग चेन गिअरबॉक्सच्या बाजूला असते. ती वाजू लागली तर चेनची किंमत थोडी आणि उतरवण्याची मजुरी मोठी.

सगळ्यांत फसवा आजार डीपीएफचा, म्हणजे धूर गाळणाऱ्या जाळीचा. घर ते कारखाना, कारखाना ते बाजार एवढीच गाडी फिरली तर धुराड्याच्या जाळीतली काजळी जळायला लागणारी उष्णता तयारच होत नाही. ती जाळण्यासाठी गाडी जादा डिझेल सोडते, ते ऑइलमध्ये उतरतं. एका मालकानं मला कौतुकानं सांगितलं, इंजिन ऑइल अजिबात खात नाही. मी डिपस्टिक ओढली. ऑइल खुणेच्या बोटभर वर होतं आणि बोटाला डिझेलचा वास येत होता. अशा पातळ ऑइलवर टर्बो आणि बेअरिंगा टिकत नाहीत.

आता पैशाचं बोलू. सत्तर लाखांची गाडी बारा वर्षांनी बारा-पंधरा लाखांना मिळते, पण तिचे पार्ट सत्तर लाखांच्या गाडीचेच राहतात. टायर, ब्रेक, ऑइल, विमा, सगळं त्या मापानं. कागदही बघा. विट्या-आटपाडीकडचे सोनं-चांदी गाळणारे गलाई व्यावसायिक परराज्यांतल्या पासिंगच्या गाड्या गावी आणतात. इथं कायमची ठेवायची तर तिकडची एनओसी आणि इथला टॅक्स आलाच. पंधरा वर्षांनंतर नोंदणी नव्यानं करायला एप्रिल २०२२ पासून साध्या मोटारीला ५ हजार आणि आयात गाडीला ४० हजार रुपये फी झाली.

गाडी वाईट आहे असं मी म्हणत नाही. तिच्यासारखी घाट चढणारी दुसरी नाही. पण जीप स्वस्त पडली ती तिला ओळखणारा हात गावात होता म्हणून, आणि या गाडीचा हात अजून पुण्यात आहे. आपल्या आयटीआयमधल्या पोरांना स्कॅनर, हाय प्रेशर इंजेक्शन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स शिकवले, तर दहा वर्षांत तो हात इथंही तयार होईल. विहिरीवरच्या इंजिनानं तो एकदा तयार केलाच होता. तोवर गाडी घेणाऱ्यानं तीन गोष्टी पाळाव्यात. थंड इंजिन स्वतः चालू करून बघा. टोकन देण्याआधी स्कॅन करून घ्या. आणि किमतीच्या पाचव्या हिश्श्याइतके पैसे पहिल्या वर्षाच्या कामासाठी बाजूला ठेवा. तेवढे नसतील तर जुनी स्कॉर्पिओ घ्या, ती सुखानं सांभाळाल.