एकोणिसावा आलेला धांवपटू

शर्यतींत पहिला कोण आला हें सारेच विचारतात. मला एकोणिसाव्याविषयीं बोलावयाचें आहे.

डेक्कन जिमखान्याच्या सामन्यांत अनवाणी धांवणारे शेतकरी पाहून सर दोराबजी टाटा यांनीं ऑलिंपिकचें मनावर घेतलें. १९२० सालीं बेळगांवचे फडेप्पा चौगुले अँटवर्पच्या मॅरॅथॉनला उभे राहिले. अंतर ४२.७५ किलोमीटर, ऑलिंपिकांत याहून लांब मॅरॅथॉन पुढेंही झाली नाहीं. फिनलंडचे कोलेहमाइनेन २ तास ३२ मिनिटांत जिंकले. चौगुले २ तास ५० मिनिटें ४५ सेकंदांनीं पोंचले. अठरा मिनिटांचें अंतर थोडें नव्हे, हें मान्य. परंतु त्यांच्याच बरोबर निघालेले आपले सदाशिव दातार यांना ती वाट पुरी करतां आली नाहीं.